बाळंतिणीचा टोप

कुसुमबाई मला पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "बाटलीवाले, तुम्ही बाहेर बसा."

पुढची दोन वर्षं मी बाहेरच बसलो. खाडीकाठच्या वाड्यांमधल्या किती पडव्या मी बसून बसून गुळगुळीत केल्या याची गणती नाही. कुठल्या पडवीत डास जास्त, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरोखर चावतो, हे मला अजूनही झोपेतून उठवून विचारा.

माझं नाव बाटलीवाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. आमच्या मॅडमनी एक प्रकल्प घेतला होता. आपल्या आसपासच्या मातीत, पाण्यात, हवेत शिसं, कॅडमियम असले जड धातू सुटत असतात. ते आईच्या दुधापर्यंत पोचतात का आणि पोचत असले तर किती, हे पाहायचं. त्यासाठी अंगावर पाजणाऱ्या बायांचं दूध हवं, प्रत्येकीचं दोन चमचे. कागदावर प्रकल्प फार देखणा दिसत होता. पण दारोदार जाऊन ते दोन चमचे मागायचे कोणी? मी मागायला गेलो असतो तर लोकांनी मला खाडीत बुडवला असता, आणि बरोबरच केलं असतं.

म्हणून मॅडमनी कुसुमबाईंना गाठलं. बाई त्या भागात उभा जन्म नर्स म्हणून फिरलेल्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या वाड्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे कोणाचीही भीड म्हणून नाही. मिशीवाल्या सरपंचाला त्या चारचौघांत सांगायच्या की मेल्या, तू उलटा आला होतास, आवशीला दोन दिवस छळलंस, आता गावाला छळू नकोस. सरपंच खाली मान घालून हसायचा. करतो काय?

दिसायला बुटक्या, काळ्यासावळ्या, चालणं मात्र ताडताड. बारा महिने हातात छत्री. ऊन असो नसो, पाऊस असो नसो, छत्री मिटलेलीच. ती डोक्यावर धरण्यासाठी नव्हतीच मुळी. तिच्या टोकाने त्या दार ढकलायच्या, कोंबड्या हाकायच्या, एस.टी. थांबवायच्या, आणि आंघोळीचं पाणी नीट तापलंय का म्हणून चुलीतली लाकडं सारायच्या. गाडी पुढे निघून गेली तर ड्रायव्हरच्या आईचं बाळंतपण कोणी केलं होतं याची जाहीर आठवण करून द्यायच्या. गाडी बहुधा थांबायचीच.

आता मी कसा होतो तेही सांगतो, म्हणजे आमचं का वाजायचं ते कळेल. शिसं मोजायचं म्हणजे भयंकर सोवळ्याचं काम. बाटल्या आम्लात भिजत घालायच्या, मग शुद्ध पाण्याने सात वेळा धुवायच्या, हातमोजे घालून पिशवीत भरायच्या. झाकणाला बोट लागलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि या बाई त्या बाटल्या पदरात गुंडाळून आत न्यायच्या. मी पडवीतून ओरडायचो, बाई, पदर नको. आतून उत्तर यायचं की पदर तुमच्या प्रयोगशाळेपेक्षा स्वच्छ आहे.

सुरुवातीला बाया तयार होत नव्हत्या. बाया एक वेळ झाल्या असत्या, पण सासवा नाही. दूध घराबाहेर गेलं की आटतं, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी एक दिवस येऊन फार सुंदर समजावून सांगितलं, चित्रं दाखवली. सासवांनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुसुमबाई गेल्या आणि सगळ्यांत कडक सासूला एकच प्रश्न विचारला. "तुझा मुलगा घराबाहेर मुंबईला गेला, तो काय आटला?" म्हातारी विचारात पडली. मुलगा चांगला सुटलेल्या पोटाचा होता. दुपारपर्यंत पाच बाटल्या भरल्या.

पुढे तर वेगळंच त्रांगडं झालं. दूध कॉलेजात तपासायला जातं म्हटल्यावर सासवांना ती परीक्षाच वाटायला लागली. मी पडवीत बसलो की एकेक म्हातारी जवळ येऊन हळूच विचारायची, आमच्या सुनेला किती टक्के पडले? मी सांगायचो की आजी, यात जितके कमी तितकं चांगलं. म्हातारी मला वेड्यात काढून आत जायची. एकीने तर शेजारणीच्या सुनेपेक्षा जास्त लिहा म्हणून माझ्या पिशवीत चार शहाळी ठेवली. कुसुमबाईंनी ती वाटेत फोडून प्यायला लावली.

पहिल्या खेपेच्या बाटल्या तपासल्या आणि आम्ही हादरलो. शिशाचा आकडा एवढा वर की मॅडमना घाम फुटला. मशीन तीनदा तपासलं. मशीन दुरुस्त करणाऱ्याशी फोनवर भांडलो. शेवटी एक बाटली उजेडात धरली तेव्हा झाकणाच्या कडेला बारीक काळा ठिपका दिसला. दुसरी धरली, तिलाही. सगळ्या बाटल्यांना ठिपके. बाईंनी प्रत्येक बाटलीला काजळाची तीट लावली होती.

मी तरातरा त्यांच्या घरी गेलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. सात वेळा धुतलेल्या बाटल्या, आणि तुम्ही त्यांना काजळ फासता? बाई शांतपणे लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, दुधालाच तर सगळ्यात आधी दृष्ट लागते, आणि ते तर एस.टी.तून जाणार, शंभर माणसं बघणार. मी म्हटलं की दुकानातल्या काही काजळांत शिसं असतं, ते बाटलीत उतरलं आणि सगळा माल फुकट गेला. बाईंचा हात थांबला.

"म्हणजे हेच काजळ पोरांच्या डोळ्यांत जातं?"

मी हो म्हटलं. त्यांनी लसूण तसाच टाकला, छत्री उचलली आणि निघाल्या. दोन दिवसांनी त्या कॉलेजात आल्या त्या काजळाच्या डब्यांनी भरलेली पिशवी घेऊन. घराघरांतून छत्रीच्या धाकाने गोळा केलेल्या. माझ्या टेबलावर पिशवी रिकामी केली आणि म्हणाल्या, आता यातल्या कुठल्या वाईट ते सांगा, नावं फळ्यावर लिहिते. बाईंचं हे असं होतं. एखादी गोष्ट खरी आहे हे एकदा पटलं की त्या बसून विचार करत नसत, चालायला लागत.

तीट मात्र त्यांनी सोडली नाही. बाटल्यांना लावता येत नाही ना, मग बाटल्या नेणाऱ्याला लावू, असा तोडगा त्यांनी काढला. त्यानंतर दर खेपेला निघताना त्या चुलीची काजळी बोटावर घेऊन माझ्या गालाला लावायच्या. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, गालावर तीट घेऊन एस.टी.तून फिरत होतो. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, नंतर विचारणंही सोडलं.

आता टोपाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या टोपापाशीच येऊन थांबतं.

कुसुमबाईंचा ॲल्युमिनियमवर जुना राग. त्यांच्या मते ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेलं अन्न म्हणजे नुसता चोथा. बाळंतिणीने खायचं तर पितळेच्या, कल्हई केलेल्या भांड्यातलं. पण आता कोणाकडे पितळेची भांडी राहिलीत? म्हणून बाईंनी स्वतःच्या सासूचा पितळी टोप त्या कामाला काढला होता. चांगला जाडजूड, काठावर सासूचं नाव कोरलेलं. ज्या घरात बाळंतीण, त्या घरात तो टोप सव्वा महिना राहायचा. मग घासूनपुसून पुढच्या घरी. त्यात रोज कुळथाचं कढण शिजवायचं, दोन आमसुलं टाकून, आणि बाळंतिणीने वाटीभर गरम गरम प्यायचं. दूध कसं येत नाही ते बघते, असं बाई म्हणायच्या. टोप कोणाकडे आणि पुढची पाळी कोणाची, हे त्या एका जुन्या डायरीत लिहून ठेवायच्या. मुंबईहून बाळंतपणाला आलेल्या मुलीही टोपासाठी आधी नाव लावायच्या.

त्या टोपाला दर वर्षी गणपतीआधी कल्हई व्हायची. पण जुना कल्हईवाला थकला, डोळ्याने अधू झाला आणि मुलाकडे निघून गेला. दुसरा मिळेना. मग बाईंनी एस.टी. स्टँडमागे बसणाऱ्या सदाला धरलं. सदा गळक्या बादल्यांना, कळश्यांना डाग द्यायचा. मी त्या दिवशी बरोबर होतो. सदा बिचारा काकुळतीला येऊन सांगत होता की बाई, मी भोकं बुजवतो, मला कल्हईतलं काही कळत नाही. बाईंनी छत्री टेकली. धातू वितळवतोस ना, म्हणाल्या, मग तोच आतून सगळीकडे फास, त्यात काय एवढं, आणि तुझ्या बहिणीच्या वेळी मी दोन वेळा पावसातून आले होते ते विसरलास का. सदाने मान खाली घातली आणि टोप भट्टीवर धरला. टोप आतून चंद्रासारखा लखलखीत झाला. परत जाताना बाई मला म्हणाल्या की माणसाला येत सगळं असतं, फक्त कोणीतरी मागे लागावं लागतं. मला ते तेव्हा फार पटलं होतं.

बाईंचा दुसरा राग खाडीपलीकडच्या कंपनीवर. ही कंपनी काय बनवायची ते मला आजही धड ठाऊक नाही, पण तिचं धुराडं वाडीतून दिसायचं आणि बाईंना ते डोळ्यांत सलायचं. आंब्याचा मोहोर गळाला, कंपनी. खाडीत मासा कमी झाला, कंपनी. स्वतःचा गुडघा धरला तरी त्या छत्री त्या धुराड्याकडे रोखायच्या. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी ठणकावून सांगितलं होतं की आमच्या पोरींच्या दुधात एक कण जरी सापडला तरी मी त्या साहेबाच्या दारात जाऊन बसेन. टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या.

आणि मग कण सापडला.

काजळाचा घोटाळा निस्तरल्यावर आम्ही नव्याने बाटल्या घेतल्या होत्या. बहुतेकींचं दूध ठीक होतं. चौघींच्या दुधात मात्र शिसं वाजवीपेक्षा जास्त निघालं. मॅडमनी डॉक्टरांना बरोबर घेतलं आणि चौघींच्या घरी जाऊन सांगितलं. घाबरू नका, अंगावरचं पाजणं थांबवू नका, बाळाचं रक्त तपासू, शिसं कुठून येतंय ते शोधू आणि ते बंद करू. हे सगळं अगदी बरोबर सांगितलं. पण लोकांना ऐकू येतं ते पहिलं वाक्य. संध्याकाळपर्यंत वाडीच्या व्हॉट्सॲपवर फिरत होतं की कंपनीच्या धुरामुळे आईचं दूध विषारी झालं. ग्रामसभेतलं भाषण सगळ्यांना पाठ होतंच.

चौघींतली शेवटची सायली. नवरा बोटीवर. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर मूल झालेलं, दोन महिन्यांची मुलगी. तिने त्याच दिवशी मुलीला अंगावर घेणं थांबवलं. सासूने मुंबईहून पावडरच्या दुधाचा डबा मागवून ठेवलेलाच होता. सायली दूध पिळून न्हाणीच्या मागे माडाच्या बुंध्यात ओतत होती आणि ओतताना रडत होती, असं तिच्या शेजारणीने बाईंना सांगितलं. बाई धावत गेल्या, मी मागे. पडवीतून मला सगळं ऐकू येत होतं. बाईंनी समजावलं, रागावल्या, गोंजारलं. सायलीचं उत्तर एकच होतं. कंपनी काही आज बंद होत नाही, हवा काही मी बदलू शकत नाही, मग दर घोटाला मी माझ्या पोरीला काय पाजू? बाई तशाच बाहेर आल्या. असंच आणखी चार दिवस गेले असते तर दूध आटलंच असतं, आणि ते बाईंना सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत मॅडमचा फोन आला. मॅडम नकाशा घेऊन बसल्या होत्या. चौघींतली एक खाडीच्या तोंडाशी राहते, एक वर कातळाच्या सड्यावर, दोघी मधल्या वाडीत. धुराड्याच्या अगदी समोरच्या घरांतलं दूध स्वच्छ आहे. कंपनीच्या हिशोबात हे बसत नाही, म्हणाल्या, चौघींच्या घरात एखादी वस्तू सारखी आहे का बघा. मी हे बाईंना सांगितलं.

बाईंनी त्या चौघींची नावं मला पुन्हा विचारली. मी सांगितली. त्यांनी पिशवीतून ती टोपाची डायरी काढली, चष्मा लावला आणि पान उलटलं. मग डायरी मिटून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

कंडक्टर आला, त्याच्या आईच्या संधिवाताची चौकशी झाली नाही. तो दोन पावलं पुढे जाऊन परत वळून बघून गेला. तीन थांबे गेले. मग बाई खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "सदा डागाला काय वापरतो हो?"

"कथील आणि शिसं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच आठवलं की कल्हईला लागतं ते नुसतं कथील. त्यांच्या मांडीवरची डायरी उघडून पाहिली तर चौघींची नावं एकाखाली एक होती, गणपतीपासून, टोप ज्या क्रमाने फिरला त्याच क्रमाने. गणपतीआधीच्या बाया स्वच्छ. वर रोज आमसुलाचं आंबट, म्हणजे उरलंसुरलं शिसंही कढणात उतरायची सोय.

बाईंनी छत्रीने टपावर ठोकलं. भर सड्यावर, जिथे ना घर ना झाड, तिथे गाडी थांबवून उतरल्या आणि उलट दिशेची गाडी पकडून सायलीकडे गेल्या. पुढची पाळी असलेली अजून बाळंत झाली नव्हती, त्यामुळे सव्वा महिना उलटला तरी टोप तिच्याकडेच होता. वायच हवाय, एवढंच सांगून घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोप, कुळीथ आणि आमसुलं घेऊन बाई प्रयोगशाळेत हजर. नुसता टोप खरवडून चालणार नाही, म्हणाल्या, मी जसं करते तसंच करून बघा. मी म्हटलं की तुलनेला स्टीलच्या भांड्यातही करायला हवं. त्यावर त्यांनी मान डोलावली, आणि दोन बर्नरांवर दोन कढणं रटरटायला लागली. लसणाची फोडणी दिली नसती तर बरं झालं असतं. पण बाई म्हणाल्या, फोडणीशिवाय कढण नाही. वास वरच्या मजल्यापर्यंत गेला. तासाभरात इतिहासाचे प्राध्यापक हातात वाटी घेऊन दारात उभे. मागोमाग ऑफिसातले दोघे. मी दाराला आडवा होऊन ओरडत होतो की कोणी खायचं नाही. इतिहासाचे सर दुखावले, आणि मी कुळथाच्या बाबतीत कंजूष आहे असं अजूनही लोकांना सांगतात.

दुपारी तीनला आकडे आले. स्टीलचं कढण स्वच्छ. टोपाचं कढण मी पुन्हा एकदा मशीनवर घातलं, तरी तेच.

"पुष्कळ?" बाईंनी विचारलं.

"पुष्कळ."

त्या स्टुलावर बसल्या. मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि हळू आवाजात समजावलं की शिसं हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं, पुढे बाळंतपणात दुधावाटे बाहेर पडतं. पण ही बाब काही महिन्यांची आहे, मूळ सापडलंय, आता ते कमी होत जाईल. बाई ऐकत होत्या. पोरीला आज खाऊ घातलेलं तिच्या पोरीपर्यंत जातं, असं काहीतरी पुटपुटल्या.

मला त्यांचं वाईट वाटलं. भांडायचो मी रोज, पण त्या बाईची मान अशी खाली गेलेली मला बघवेना. मी म्हटलं की बाई, टोप काही परत द्यायचा नाही, आणि घरातल्या एका भांड्यात दोष होता, एवढं मॅडम सगळ्यांना सांगतील. कोणाचं भांडं, कोणी कल्हई केली, हे गावाला कळायचं कारण नाही. चाळीस वर्षांचं तुमचं नाव आहे तिथे.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "बाटलीवाले, ती पोर हे कंपनीमुळेच झालं असं धरून बसलीय, कारण ते मी सांगितलं होतं. आता तसंच कोणीतरी मोघम सांगितलं तर ती पाजेल का?" आणि टोप काखेत मारून उठल्या. सव्वाचारची गाडी होती.

सायलीच्या घरी पोचलो तेव्हा मुलगी रडत होती. पावडरच्या दुधाने तिचं पोट धरलं होतं. सासू डबा हातात घेऊन दारात उभी होती. मी सवयीने पडवीत टेकलो. बाई मात्र आत गेल्या नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि सायलीला बाहेर बोलावलं. टोप तिच्या पुढ्यात ठेवला.

"कंपनीचं यात काही नाही, बाय. हा टोप. कल्हई येत नाही म्हणत होता त्याच्याकडून मी ती जबरदस्तीने करून घेतली. त्यात शिसं होतं. तुझ्या दुधात गेलं ते माझ्या हातून गेलं."

सासूच्या तोंडाचा आ तसाच राहिला. सायली टोपाकडे बघत होती.

"मला कढण आवडत नव्हतं," ती म्हणाली. "मी नको म्हणायची. तुम्ही समोर बसून वाटी संपवायला लावायचात."

"हो गो," बाई म्हणाल्या. "लावायचे."

सायलीचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. आता पाजू की नको, तेवढंच सांगा, म्हणाली. मला वाटलं बाई आता नेहमीसारख्या छत्री आपटून हुकूम सोडतील. बाईंनी छत्री माझ्याकडे रोखली.

"मी सांगते म्हणून पाजू नकोस. यांना विचार. दोन वर्षं इथे बसलेत, पण माझ्या हातावर यांनी एक दिवस विश्वास ठेवला नाही. हे सांगतील ते खरं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी आयुष्यात कुठल्या बाळंतिणीशी दोन शब्द बोललो नव्हतो. मी उभा राहिलो, दुपारी मोजलेलं सगळं सांगायला लागलो, दोन्ही कढणांचे आकडे, दशांशासकट, आणि मधेच माझं मलाच कळलं की ती आकडे ऐकत नाहीये. मग मी थांबलो. "पाजा ताई," मी म्हटलं. "टोप गेला की झालं. डॉक्टरही हेच म्हणतायत. पाजा."

ती आत गेली. सासू डबा घेऊन दारातच उभी राहिली, मग तिने डबा पडवीतल्या फळीवर ठेवला आणि तीही आत गेली. बाई माझ्या शेजारी पडवीत येऊन बसल्या. छत्री आडवी मांडीवर. आत मुलगी आणखी जोरात रडायला लागली. तिला दोन दिवसांत बाटलीची सवय झाली होती, ती तोंड लावेना. बाई उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. इतकी वर्षं त्या आत गेल्या असत्या, मानेखाली हात देऊन बाळ नीट धरलं असतं. आज त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

रडणं कमी झालं, पुन्हा वाढलं, आणि एकदम थांबलं.

"लागली का हो?" बाईंनी मला विचारलं. मला त्यातलं काय कळतंय? पण मी म्हटलं, लागली. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं.

उरलेल्या तिघींकडे त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. एकीने चहा दिला, एकीच्या नवऱ्याने नाही नाही ते सुनावलं. बाईंनी दोन्ही निमूट घेतलं. पुढे काही महिने आम्ही चौघींचं दूध आणि मुलांचं रक्त तपासत राहिलो. आकडे खाली येत गेले, आणि दर वेळी बाई ते स्वतः त्या घरी नेऊन द्यायच्या. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी टोपाची हकीकत सांगितली. कंपनीचा साहेब बिस्किटांचा पुडा घेऊन आभार मानायला आला, तेव्हा त्याला मात्र छत्रीने दाखवून सांगितलं की हा टोप माझा होता, धुराडं तुझंच आहे, त्याचं मोजायचं अजून बाकी आहे.

टोपाचं काय करायचं, हा प्रश्न होता. फेकला तर कोणीतरी उचलून त्यात भात शिजवणार. बाई तो घेऊन सदाकडे गेल्या आणि तळाला भोक पाड म्हणाल्या. सदा हबकला. जन्मभर भोकं बुजवली, बाई, पाडायला सांगू नका. यावेळी बाईंनी त्याच्या बहिणीचं बाळंतपण काढलं नाही. आधी त्याची माफी मागितली, मग भोक मागितलं. सदाने रुपयाएवढं गोल, सुरेख भोक पाडून दिलं.

तो भोकाचा टोप घेऊन बाई मग गावोगाव फिरल्या. गुहागर, दापोली, थेट केळशीपर्यंत, जिथे कोणी बायका जमवतील तिथे. भांडं कसलं, कल्हई कोणाची, काजळ कुठलं, हे विचारत जा, असं सांगायच्या. सुरुवात मात्र ठरलेली: हा टोप माझा, आणि चूकही माझी. कंडक्टर टोपाचं तिकीट मागायचा तेव्हा ही सगळी हकीकत त्यालाही ऐकावी लागायची. गेल्या वर्षी बाई गेल्या. मी दोन दिवस रजा घेतली होती, कारण विचारल्यावर काय लिहावं ते कळेना.

त्यांना शेवटचं बघितलं ते केळशीला. त्यांचं माहेर तिथलं. मॅडमनी एक अहवाल द्यायला मला पाठवलं होतं. देवळाजवळच्या एका घरात बायकांची बैठक भरली होती. मी सवयीने पडवीत बसलो. आतून बाईंचा आवाज येत होता, पोरींचं हसणं येत होतं. दाराशी डोकावलो तर बाई मधोमध बसलेल्या, थकलेल्या, टोप तोंडासमोर धरलेला, आणि मांडीवरच्या कोणाच्या तरी बाळाला भोकातून कुकूच्चकू करून दाखवत होत्या. बाळ खिदळत होतं. मग टोप वळला आणि त्या भोकातून बाईंचा एक डोळा माझ्यावर येऊन थांबला.

"बाहेर काय बसलात, बाटलीवाले? आत या."

सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मी चपला काढल्या आणि आत गेलो.